आधी पाण्याची वाट



माझ्यामागे जी खोली दिसतेय, ती आमच्या नोएडाच्या फ्लॅटमधली पाहुण्यांची खोली होती. आता तिथे पाहुणे झोपत नाहीत, माथेरानची गाडी चालते. बायकोची एकच अट होती, प्लास्टरचे हात घेऊन फ्रिज उघडायचा नाही. ती अट मी बहुतेक वेळा पाळतो.

मी मूळचा नेरळचा. आबा, म्हणजे माझे वडील, नेरळ-माथेरान लाइनवर गँगमध्ये होते, पुढे मुकादम झाले. मी बी.एस्सी. करून फौजेत गेलो, कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि मुलांच्या नोकऱ्या इकडे म्हणून दिल्लीकडेच राहिलो. आज मला बोलायचंय ते मॉडेल रेल्वेच्या देखाव्याबद्दल. इंजिन, डबे, रूळ आणि वायरिंग सोडलं की जे उरतं ते. डोंगर, माती, झाडं, मोऱ्या, भिंती, माणसं. इंजिन विकत मिळतं. आपला डोंगर कुठल्याच दुकानात मिळत नाही.

या छंदाची सुरुवात चाणक्यपुरीत झाली. तिथलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली उघडलं. निवृत्तीनंतर नातवाला घेऊन गेलो, तर समोर माथेरानचं जुनं वाफेचं इंजिन उभं. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीचं. लहानपणी ज्याची शिट्टी ऐकून आम्ही शाळेची वेळ ओळखायचो, ते घरापासून हजारावर किलोमीटर लांब दिल्लीच्या उन्हात शांत उभं होतं. नातू पुढे पळाला, मी तिथेच थांबलो. घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली.

आता थोडा हिशेब, कारण इथेच पहिली गंमत आहे. मी निवडलं ते प्रमाण १:७६. म्हणजे खऱ्यातला एक फूट माझ्याकडे चार मिलिमीटर. माथेरानचा रूळ दोन फुटी, तो आठ मिलिमीटर व्हायला हवा. बाजारात नऊ मिलिमीटरचा मिळतो, तो आपण गोड मानून घ्यायचा. पण ही लाइन आहे सुमारे २० किलोमीटर. ७६ ने भागा, २६३ मीटर होतात. आणि नेरळपासून माथेरानपर्यंतचा साडेसातशे मीटरचा चढ माझ्या खोलीत दहा मीटर उंच होईल, म्हणजे वरचे तीन शेजारी बेघर. तेव्हा आख्खी लाइन विसरा. मी जुम्मापट्टीच्या वरच्या अंगाचं एकच वळण घेतलं. आठ फूट बाय अडीच फूट.

पहिला देखावा मी दोन वर्षं खपून केला. चांगला झाला होता. परदेशातून मागवलेलं तयार गवत, चुरगाळलेल्या फॉइलच्या साच्यात ओतलेले प्लास्टरचे खडक, शंभरेक झाडं. सोसायटीतले लोक बघायला यायचे, वा वा करायचे. मग माझी थोरली बहीण, आक्का, नेरळहून आली. चष्मा पुसून तिने पाच मिनिटं नीट पाहिलं आणि म्हणाली, "छान केलंस रे बाळू. कुठलं आहे हे?"

जिथे आम्ही दोघं आबांचा डबा घेऊन चढायचो, ते वळण होतं ते. आणि तिला ते ओळखू आलं नव्हतं.

ती गेल्यावर मी बरेच दिवस खोलीत दिवा लावला नाही. मग एकदा विचार करत बसलो असताना फौजेतली एक गोष्ट आठवली. ती मी फारशी कुणाला सांगत नाही, पण आज सांगतो.

फौजेत कुठल्याही कारवाईआधी सँड मॉडेल बनतं. जमिनीवर मातीचा, लाकडाच्या भुशाचा, चुन्याचा नकाशा करून जवानांना समजावतात. मी तरुण कॅप्टन होतो आणि माझं सँड मॉडेल देखणं असतं असं नाव झालं होतं. एका रात्रीच्या सरावासाठी मी मॉडेल केलं. नकाशा १:५०,००० चा, त्यावर समोच्च रेषा दर वीस मीटरला. पाच-सहा मीटर खोल नाला अशा दोन रेषांच्या मधे सहज लपतो. दिवसा दुर्बिणीतून पाहताना मला एक काळी रेघ दिसली होती. शंका आली होती. पण मॉडेल पूर्ण झालं होतं, रंग बसले होते, सीओ साहेब अर्ध्या तासात येणार होते. ते उकरायला माझं मन झालं नाही. त्या रात्री माझा एक जवान त्या नाल्यात पडला आणि त्याची मांडी मोडली. आमचे सुभेदार साहेब माझ्यावर आवाज न चढवता एवढंच म्हणाले, "साहब, मॉडेल में तो नाला था ही नहीं."

तो जवान पुढे बरा झाला, पण धावायचं कायमचं गेलं.

माझ्या पहिल्या देखाव्यातही तेच झालं होतं. दिसायला देखणा, पण त्यात पाण्याला वाट नव्हती. आणि आबा आयुष्यभर दुसरं काय करत होते? पावसाळ्याआधी चर साफ करायचे, मोऱ्यांमधला गाळ काढायचा, कोसळलेली दगडी भिंत पुन्हा रचायची. नवीन गँगमनला ते सांगायचे, रुळाकडे नंतर बघ, आधी पाणी कुठून जातंय ते बघ. ही लाइन १९०७ साली आदमजी पीरभॉय कुटुंबातल्या अब्दुल हुसेन यांनी बांधली. तेव्हापासून तिचं भांडण पाण्याशीच आहे. २६ जुलै २००५ च्या पावसाने ती वाहून नेली, २००७ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसात परत तेच, आणि आख्खा मार्ग सुरू व्हायला २०२२ उजाडलं. घाटात रूळ हा पाहुणा असतो, पाणी घरचं.

म्हणून मी सगळं तोडलं. नव्याने केलं ते कसं, ते आता क्रमाने सांगतो. तुमचा डोंगर कुठलाही असो, क्रम उपयोगी पडेल.

पहिलं, खडकाची जात ओळखा. फॉइलच्या साच्यातून निघतो तो हिमालयासारखा उभा-आडवा मोडलेला खडक. सह्याद्री तसा नाही. तो लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय. काळा उभा कडा, मग गवताचा उतार, परत कडा, परत उतार. जिन्यासारखा. इंग्रजीत या खडकाला ट्रॅप म्हणतात, तो शब्दच मुळी उत्तरेकडच्या भाषांतल्या पायऱ्यांवरून आला. मी छताला उष्णता अडवण्यासाठी लावतात त्या दाट फोमचे एक इंच जाडीचे पट्टे आडवे रचले. कडा करताना कापला नाही, हाताने मोडला. मोडलेली कड खरी दिसते. वर पातळ प्लास्टर.

दुसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. प्लास्टर सुकल्यावर त्याला रंगाचे दोन हात दिले की ते पाणी पीत नाही. मग रूळ टाकायच्या आधी खाली टब ठेवा आणि वरून फवाऱ्याने पाणी सोडा. पाण्यात कपड्यांची थोडी नीळ घाला. पाणी स्वतः तुम्हाला दाखवेल, घळ कुठे आहे, कुठे साचतंय, रुळाच्या वाटेला कुठे आडवं येतंय. निळी रेघ राहते. जिथे रेघ रुळाखालून जाईल तिथे मोरी हवीच. जिथे ती कड्यावरून उतरते तिथे शेवाळ, काळे डाग, नेचे, दाट हिरवं. रेघेपासून लांब, तिथे सुकं गवत. पहिल्या देखाव्यात हिरवं कुठे लावायचं हे मी डोळ्याला बरं दिसेल तसं ठरवलं होतं. आता ते पाण्याने ठरवलं. माझ्या आठ फुटांत तीन मोऱ्या निघाल्या. पहिल्या वेळी एकही नव्हती!

तिसरं, चढ आणि भिंत. या लाइनवर सगळ्यात अवघड चढ २० ला १ आहे. म्हणजे दोन मीटर रुळात दहा सेंटिमीटर उंची. तेवढी जागा खालच्या अंगाला कशावर तरी उभी राहणार. ती दगडी भिंत मी फोमवर बोथट पेन्सिलीने दगड कोरून केली. भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवा. ती नसलेली भिंत पहिल्याच पावसात पोट काढते, हे कुठल्याही गँगमनला विचारा.

चौथं, माती. नेरळला काळसर, आणि वर माथेरानला जांभ्याची लाल. माझं वळण खालच्या भागातलं, म्हणून मातीत लाल जेमतेम चिमूटभर. पहिल्या वेळी मी ती सरसकट लाल केली होती, कारण माथेरान म्हटलं की लाल माती, असं डोक्यात बसलेलं. आक्काला तिथेच खटकलं असणार. खरी माती वापरणार असाल तर भट्टीत तापवून घ्या, बारीक चाळा आणि जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्यातून फिरवा. आपल्या काळ्या खडकाच्या मातीत लोहाचे कण असतात. ते इंजिनाच्या मोटरला चिकटले की मोटर गेली. माझी एक अशीच गेली आहे. चिकटवायला फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर पाणी मातीवर मण्यासारखं गडगडतं, आत झिरपत नाही. आणि दिल्लीकरांसाठी खास, मे महिन्यात भर दुपारी प्लास्टर ओतू नका, तडे जातात. जानेवारीत गोंद ओतून दुसऱ्या दिवशी सुकेल अशी आशा धरू नका.

पाचवं, झाडांची उंची. पन्नास फुटी जांभूळ या प्रमाणात वीस सेंटिमीटर होतं. माणूस बावीस मिलिमीटर. आपण सगळे झाडं बुटकी करतो, म्हणजे डोंगर मोठा वाटेल. उलट होतं, सगळं खेळण्यासारखं दिसतं. जुन्या केबलमधली तांब्याची तार पिळून खोड, काथ्याच्या फांद्या, मिक्सरमध्ये दळून रंगवलेला स्पंज म्हणजे पानं. शंभर बुटक्या झाडांच्या जागी मी नऊ मोठी केली. बाकी कारवीची झुडपं आणि गवत.

सहावं, वेळ ठरवा. माझा देखावा ऑक्टोबर १९७३, सकाळी नऊ. मी बारा वर्षांचा, आबा कामावर. पावसाळ्यात बंद असलेली गाडी नुकतीच सुरू झालेली. गवताचे शेंडे पिवळे, बुंधा हिरवा. घळीत पाण्याची बारीक धार, ती चमकदार वार्निशचे थर देऊन केली. वेळ ठरली की शंभर प्रश्न आपोआप सुटतात, सावली कुठे पडेल इथपासून वाफ किती दिसेल इथपर्यंत.

कुणी म्हणेल, एवढा अट्टहास कशाला? इंग्लंडमध्ये पेंडन म्हणून एक संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ साली तिकडे गेला. डोळ्यांदेखत खेड्यातली जुनी घरं बदलताना त्याने पाहिली आणि ती तशीच्या तशी, प्रमाणात, कागदाच्या पुठ्ठ्यातून करायला घेतली. भिंतीचा रंग, बागेतली फुलं, सगळं मोजून. त्याच्यामागेही लोक ते काम पुढे नेत राहिले. आपल्या पुण्यात भाऊ जोशी यांनी कोथरूडला १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं, तिथे गर्दीने लोक जातात. गाडी धावताना पाहण्याचा आनंद तिथे आहे. पण आपल्या एका घाटाचं, एका सालचं, मोजून केलेलं रूप आपल्या माणसांनी करून ठेवायला हवं. नेरळची आमची चाळ आता नाही. ती कशी होती हे सांगणारी दोनच माणसं उरलीत, आक्का आणि मी. तिचं वय आता त्र्याहत्तर.

दुसरा देखावा तयार झाला तेव्हा तिला दिल्लीचा प्रवास झेपणार नव्हता. भाच्याने व्हिडिओ कॉल लावून दिला. मी फोन हळूहळू वळणावरून फिरवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ही मधली मोरी. इथे आबा डबा खायचे."

मी फोन धरून उभा राहिलो. पण ती थांबायला तयार नव्हती.

"अरे, पण पायवाट कुठाय? ठाकरवाडीतल्या बाया मोळ्या घेऊन वळण सोडून सरळ उतरायच्या. रूळ दोनदा ओलांडायच्या. आपणही तिथूनच यायचो की."

खरंच. पाण्याची वाट मी शोधली आणि माणसांची विसरलो. सध्या ते काम चालू आहे. कॅमेरा जरा डावीकडे घ्या... हां, तिथे डोंगर उकरलेला दिसतोय ना? यावेळी उकरायला मन धजलं. आक्का रोज रात्री फोनवर सांगते, वाट कुठे वळायची, कुठला दगड बसायचा. मी लिहून घेतो आणि सकाळी तेवढंच करतो.

तुमच्याही घरात असं कुणी असेल, ज्याला एखाद्या जागेतला प्रत्येक दगड आठवतो. फोम, फेव्हिकॉल नंतर आणा. आधी त्यांना फोन लावा.