स्वतःच्या नावाचे पान



दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडून स्वतंत्रपणे कामे घ्यायला सुरुवात केली आहे. तो म्हणाला, “सर, आठ वर्षे प्रोग्रॅम लिहिले, पण ते सारे कंपनीचे. माझे म्हणून दाखवायला काही नाही. कामाबद्दल लिहावे म्हणतो, पण मराठीत वाचणार कोण?”

मला विष्णुशास्त्री चिपळूणकर आठवले. १८७४ साली त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. जवळजवळ एकहाती लिहिलेल्या या मासिकाचे ८४ अंक निघाले. पुढे नोकरी सोडून १८८० साली त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा लोक त्यांना त्यांच्या लेखणीमुळे ओळखत होते.

मी त्याला म्हटले, “वाचक आधीपासून नसतो, नेमाने लिहिल्याने तो तयार होतो. अडलेला प्रोग्रॅम कसा सोडवलास, ते महिन्यातून एकदा साध्या मराठीत लिही. गिऱ्हाइकाची गुपिते तेवढी सांभाळ.”

आणि आपण मराठीच्या शिक्षकांनी? ‘हे काही वाङ्मय नव्हे’ म्हणून ते बाजूला सारू नये. त्याचा पहिला वाचक आपल्यापैकीच कोणी तरी व्हावे.