वारेतला राखणदार

बाळ जन्मलं की पाठोपाठ वार पडते. ती पूर्ण पडली ना, एवढं पाहिलं जातं आणि तिचा विषय तिथेच संपतो. पण नऊ महिने बाळाला पोसणाऱ्या या वारेत अनेक एन्झाइम्स, म्हणजे विकरं, अखंड काम करत असतात. त्यांतल्या एकाची आज ओळख करून घेऊ. त्याचं नाव ११-बीटा-एचएसडी-२.

आईच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक असतं. गरोदरपणात त्याचं प्रमाण वाढतं. पोटातल्या बाळाच्या रक्तात मात्र ते आईच्या मानाने पाच ते दहा पट कमी असतं, कारण वारेतलं हे विकर बरंचसं कॉर्टिसॉल वाटेतच निष्क्रिय करतं. थोडं कॉर्टिसॉल बाळाला हवंच असतं. पण ते अवेळी आणि जास्त मिळालं, तर वाढ खुंटू शकते. प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा गंभीर आजार असलेल्या, किंवा बाळाची वाढ कमी असलेल्या स्त्रियांच्या वारेत हे विकर मंदावल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

डॉक्टर औषध निवडतानाही याचा विचार करतात. आईला दम्यासाठी प्रेडनिसोलोन दिलं, तर वार त्यातलं बरंचसं अडवते. बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मणार असेल, तर त्याची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला बेटामेथासोनचं इंजेक्शन देतात. हे औषध वारेतून पुरेशा प्रमाणात बाळापर्यंत पोचतं. या उपचाराचा फायदा न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिला.

आता आपल्या घरातली गोष्ट. खोकला आला, घसा बसला की आपण ज्येष्ठमधाची काडी चघळतो. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन नेमकं याच विकराला रोखतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या आवडीने खातात. हेलसिंकीत १९९८ साली जन्मलेल्या मुलांचा तिथल्या संशोधकांनी पाठपुरावा केला. गरोदरपणात आठवड्याला ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ग्लिसरायझिन पोटात गेलेल्या मातांची मुलं साधारण बारा वर्षांची झाल्यावर बुद्धिमापन चाचण्यांत मागे पडली, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. एखादी काडी चघळल्याने बाळाला इजा होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण जास्त ज्येष्ठमधाने आईचा रक्तदाबही वाढतो, हे लक्षात ठेवायला हवं.

म्हणून गरोदर भगिनींना आणि त्यांच्या घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. काढा, चूर्ण किंवा खोकल्याचं औषध घेण्याआधी वेष्टनावर ज्येष्ठमध, यष्टिमधू किंवा मुलेठी लिहिलं आहे का, ते पाहा. असेल तर डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका. आणि प्रत्येक तपासणीत रक्तदाब मोजून घ्यायला विसरू नका.