भट्टीचें अस्तर

मराठवाड्यांत घर बांधावयास काढलें म्हणजे सळया कोठल्या आणाव्या, या प्रश्नाला बहुधा जालन्याचें उत्तर मिळतें. हें शहर १ मे १९८१ रोजीं जिल्ह्याचें ठाणें झालें. तेथील औद्योगिक वसाहतींत भंगार लोखंड वितळवून सळया काढणारे अनेक कारखाने आहेत. घरमालक सळईचा भाव व जाडी बारकाईनें पाहतो; ती ज्या भट्टींतून आली, तिची निगा कशी राखतात, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. त्या निगेंत प्रत्येक घराच्या उपयोगाचा धडा आहे.

या भट्ट्या विजेवर चालतात. पोकळ तांब्याच्या नळीचें वेटोळें, नळींतून सतत खेळणारें गार पाणी आणि वेटोळ्याच्या आंत गारगोटीच्या पुडीचें अस्तर, अशी त्यांची रचना असते. पुडींत अल्पसें बोरिक ॲसिड मिसळून ती पोलादी पत्र्याच्या सांच्याभोंवतीं थराथरानें ठोकून बसवितात. नव्या अस्तराला पहिला ताव मंदपणें द्यावा लागतो. ५७३ अंश सेल्सिअसला गारगोटी एकाएकीं फुगते. तेथें घाई केली तर अस्तर तडकतें.

आंत सुमारें १,६०० अंशांचा रस, बाहेर गार पाणी, आणि मध्यें काय तें वीतभराहूनहि कमी जाडीचें अस्तर! प्रत्येक खेपेस तें थोडें झिजतें. झिजणें हा त्याचा दोष नव्हे. वेटोळें वांचावें म्हणून झिजण्याचें काम त्याजकडे दिलेलें आहे. पण तें पुरतें झिजून रस पाण्याला भिडला, तर पाण्याची क्षणांत वाफ होते आणि ती दीड हजारपटींहून अधिक जागा मागते. कारण कोणतेंहि असो, भट्टीवरील स्फोट म्हणजे काय, हें जालन्यानें ऑगस्ट २०२४ मध्यें पाहिलें. एका कारखान्यांतील त्या अपघातांत अनेक कामगार जखमी झाले.

यांत एक विलक्षण गोष्ट आहे. अस्तर पातळ होऊं लागलें कीं रस वेटोळ्याच्या अधिक जवळ येतो व भट्टी अधिक वीज ओढूं लागते. लोखंड लवकर वितळतें, पोटांत मालहि अधिक मावतो. म्हणजे भट्टी धोक्याच्या जवळ जाते, तेव्हांच ती उत्तम चालली आहे असें वाटतें! म्हणून जाणता कारागीर तिच्या चालण्यावर विसंबत नाहीं. तो खेपा मोजतो, जाडी मापतो, विजेची गळती दाखविणाऱ्या मापकावर नजर ठेवतो, आणि ठरलेली मर्यादा आली कीं चालती भट्टी थांबवून जुनें अस्तर फोडून काढतो.

घरांतील पाणी तापविण्याच्या विजेच्या बंबाची, म्हणजे गीझरची, गोष्ट निराळी नाहीं. पुष्कळ गीझरांच्या लोखंडी टाकींत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजीं तिनें झिजावें, एवढेंच तिचें काम. पाण्यांत क्षार अधिक असतील तेथें ती लवकर संपते. ती संपली तरी पाणी पूर्वीसारखेंच तापतें. म्हणून कोणाला कांहीं कळत नाहीं, आणि गंज टाकीला लागतो. तसेंच दाब सोडणाऱ्या झडपेचें. पाणी तापतांना तिच्यांतून थेंब गळूं लागले कीं कित्येक घरांत तिचें तोंड बंद करण्यांत येतें. वस्तुतः तें गळणें हेंच तिचें रक्षण होय. तोंड कधींहि बंद करूं नये. गळती थांबतच नसेल, तर जाणकारास दाखवावें.

वर्षांतून एकदां वीज तोडून जाणत्या कारागिराकडून टाकी उघडवावी, सांचलेला क्षार काढवावा, झडप तपासवावी आणि कांडी किती उरली तें स्वतः पाहावें. तारीख गीझरवरच लिहून ठेवावी. “अजून चालतो आहे ना?” एवढ्यावर जालन्याच्या भट्टीवरील कारागीर आपल्या सोबत्यांचा जीव सोंपवीत नाहीं, गृहस्थानेंहि आपल्या मुलांबाळांचा सोंपवूं नये.