चौपाटीवरचे बोवेनसाहेब

होसकोटे हा शहाजीराजांच्या जहागिरीतला मुलूख. इथल्या मराठी घरांना मुंबईची एक गोष्ट सांगायची आहे, रेव्हरंड जॉर्ज बोवेन यांची. 1876 पासून बेंगळुरूच्या आणि मुंबईच्या अमेरिकन मेथडिस्ट मंडळ्या साउथ इंडिया कॉन्फरन्स या एकाच संस्थेत होत्या. तेव्हा हा माणूस इकडचाही म्हणायला हरकत नाही.

बोवेन यांचा जन्म 1816 चा, अमेरिकेतल्या व्हरमाँटचा. तरुणपणी ते पक्के नास्तिक होते. जिच्याशी लग्न व्हायचं ती एमा मॉरिस 1844 मध्ये वारली आणि जाताना आपलं बायबल त्यांना देऊन गेली. ते वाचता वाचता माणूस पालटला. जानेवारी 1848 मध्ये ते मुंबईत उतरले आणि वर्षभरातच त्यांनी मिशनचा पगार सोडला. पगारी पाद्र्याच्या बोलण्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा, असा त्यांचा रोखठोक विचार. मग शिकवणी करून पोटापुरतं मिळवायचं, गरिबासारखं राहायचं आणि रस्त्यात उभं राहून मराठीत बोलायचं, असा क्रम सुरू झाला.

मला त्यांचं सगळ्यात मोठेपण दिसतं ते 1857 मध्ये. त्या वर्षी जानेवारीपासून मेअखेरपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री यांचे जाहीर वाद झाले. वाळूत गर्दी बसलेली, मध्ये बुवा, समोर बोवेन आणि त्यांचे सोबती. जीव आणि ईश्वर एक की दोन, पाप आलं कुठून, असे प्रश्न. बुवा हजरजबाबी, ते काही कुणाला हार जाणारे नव्हते. बोवेन तेव्हा ‘बाँबे गार्डियन’चे संपादक होते. त्यांनी वादाचा वृत्तांत छापला, पुढे त्याचं इंग्रजी पुस्तकही काढलं, आणि त्यात बुवांचं म्हणणंही आलं. ज्याचं मत खोडायचं, त्याचे शब्दही आपल्याच खर्चाच्या कागदावर उतरवायचे, याला मन मोठं लागतं. आजच्या आपल्या वादांत ते फार कमी दिसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नोव्हेंबर 1871 मध्ये अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आले. मंडळीने परदेशी पैशावर न जगता स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं त्यांचं तत्त्व. बोवेन तर वीस वर्षांहून अधिक काळ तसेच जगत होते. पन्नाशी उलटल्यावर ते मेथडिस्ट झाले, आणि 5 फेब्रुवारी 1888 रोजी मुंबईतच वारले. त्यांच्या रस्त्यावरच्या बोलण्याने ख्रिस्ती झालेले लोक थोडेच.

कुलाब्यात त्यांच्या नावाचं बोवेन मेमोरियल चर्च आहे, मुंबईला गेलात तर जरूर पाहा. पण त्याआधी जवळच्या ग्रंथालयात ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ मागा. तो विष्णुबुवांच्या बाजूचा वृत्तांत आहे, आणि बोवेनसाहेब त्यातही भेटतात.