खोटी मोहोर, खरे नुकसान

(सारंगखेडा येथे व्यापारी व उद्योजकांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांचा बाजार भरत आला आहे. येथे येणारा जाणता गिऱ्हाईक विक्रेत्याच्या वर्णनावर विसंबत नाही. तो जबडा उघडून दात पाहतो आणि वय ताडतो, खुरे तपासतो, अंगावरचे भोवरे निरखतो, फेरी मारून चाल पाहतो. मगच पैशाला हात घालतो. विक्रेता ओळखीचा असला तरी ही परीक्षा चुकत नाही आणि विक्रेत्यालाही तिचा राग येत नाही. संगणकाच्या बाजारात मात्र हाच व्यवहारचतुर माणूस पडद्यावर दिसणारे नाव खरे मानून मोकळा होतो. आजच्या उद्योजकापुढील संकटाचे मूळ या भाबडेपणात आहे.

सायबर हल्ला म्हटले की तिजोरी फोडणारा चोर डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात अनेक मोठ्या चोऱ्यांत तिजोरी फोडलीच जात नाही. चोरला जातो तो मालकाचा होकार.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण घ्या. १९०६ साली स्थापन झालेली ही जुनी, नामांकित बँक. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेच्या मध्यवर्ती व्यवस्थेला विचारते, पैसे द्यावेत काय? ऑगस्ट २०१८ मध्ये हल्लेखोरांनी या विचारणेच्या वाटेवर आपली खोटी यंत्रणा बसवली. बँकेच्या नावाने तीच परस्पर ‘द्या’ असे उत्तर देऊ लागली. ११ ऑगस्टच्या शनिवारी, अवघ्या काही तासांत, बनावट कार्डांच्या आधारे २८ देशांतून रक्कम काढली गेली. सोमवारी, १३ तारखेला, आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण नुकसान ९४ कोटी ४२ लाखांचे. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा ठोठावली. पण तोवर बरीचशी रक्कम देशोदेशी पांगली होती.

तेथे यंत्राचा होकार चोरला गेला, पुढे माणसाचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे नाव जगाला लसींमुळे ठाऊक आहे. पूनावाला कुटुंबाच्या अश्वपालनाच्या व्यवसायातून या उद्योगाची कल्पना स्फुरली आणि १९६६ साली ही संस्था उभी राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील वित्त विभागाच्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर अदर पूनावाला यांच्या नावाने संदेश आला : अमुक खात्यांत रक्कम तातडीने पाठवा. एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम रवाना झाली. संदेश पूनावालांचा नव्हताच, हे नंतर कळले.

अक्षरे फसवी असतील, पण चेहरा तर खरा ना? तोही भरवसा उरलेला नाही. २०२४ च्या आरंभी हाँगकाँगमध्ये एका ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीचा कर्मचारी दूरदृश्य बैठकीत बसला. वरिष्ठ समोर दिसत होते, बोलत होते. ते सारे चेहरे आणि आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेले होते. कंपनीचे सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. त्याच वर्षी वर्धमान उद्योगसमूहाचे वयोवृद्ध अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना भामट्यांनी चक्क खोटे सर्वोच्च न्यायालय दाखवले, अटकेची भीती घातली आणि सात कोटी रुपये उकळले. पंजाब पोलिसांच्या हालचालीमुळे त्यांतील सव्वापाच कोटी परत मिळाले. ‘डिजिटल अटक’ नावाची तरतूद भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. एवढे ठाऊक असले तरी अर्धी भीती सरते.

ही मोठ्या शहरांची दुखणी आहेत, असे समजून नंदुरबार जिल्ह्याने निर्धास्त राहू नये. जुलै २०२४ अखेरीस लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला. खबरदारी म्हणून तिचा देशाच्या देयकयंत्रणेशी असलेला दुवा तोडावा लागला आणि देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार खोळंबले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. घर आपले, कुलूप आपले. पण किल्ली कोणाकोणाकडे आहे, याची नोंद किती संस्थांकडे आहे?

या साऱ्या प्रकरणांतून निघणारा बोध उद्योगप्रमुखांसाठी काहीसा अवघड आहे. महागडी संगणक सुरक्षा विकत मिळते. मालकाला उलट विचारण्याचे धाडस विकत मिळत नाही. ज्या पेढीत ‘शेठजींचा निरोप’ म्हटले की रोखपाल मुकाट्याने मान डोलावतो, त्या पेढीचे दार भामट्यासाठी सताड उघडे असते. म्हणून प्रमुखानेच सर्वांसमक्ष सांगावे : माझ्या नावाने रक्कम मागितली गेली, तर माझ्या नेहमीच्या क्रमांकावर मला विचारा, अपरात्री विचारा, मी रागावणार नाही. ठरावीक रकमेपुढे दोघांची संमती हवी. घाई आणि गुप्तता एकत्र आली की व्यवहार तेथेच थांबावा. हिशेबाची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी. सुट्टीच्या दिवशीही कोणीतरी जागे असावे, कारण चोर सुट्टी पाहूनच येतो.

आणि घात झालाच तर लाजेने लपवू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवल्यास पुढे सरकणारी रक्कम गोठवता येते. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी असे हल्ले सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवणे बंधनकारक आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात, ग्राहकांच्या माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. गप्प बसणे आता प्रतिष्ठेलाही परवडणारे नाही आणि तिजोरीलाही.

शिवछत्रपतींच्या पत्रांवर आरंभी राजमुद्रा आणि अखेरीस मर्यादा मुद्रा उमटत असे. मर्यादेनंतर त्या पत्रात कोणालाही एक ओळ वाढवता येत नसे. राज्यकर्त्याचा शब्द ही चोरण्याजोगी वस्तू आहे, याचे भान त्या व्यवस्थेला होते, आणि आपल्याच आज्ञेला पडताळणीचे बंधन घालण्यात राजाला कमीपणा वाटत नव्हता. पेढी लहान असो वा कारखाना मोठा, त्याच्या प्रमुखाने आपल्या शब्दाची मर्यादा आज, स्वस्थता असतानाच, आखून द्यावी.