तळपायावरचा काळा डाग



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हणून आजाराबद्दल थोडं आणि त्याची माहिती, मदत कशी शोधायची याबद्दल जास्त बोलतो. आजार आहे मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर.

इंटरनेटवर मेलानोमा शोधला की गोऱ्या पाठीवरचे डाग आणि सनस्क्रीनचे सल्ले दिसतात. हा आजार गोऱ्या लोकांत जास्त आढळतो, त्यामुळे माहितीही मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिली गेली. आपल्याकडे तो दुर्मिळ आहे. पण होतो तेव्हा अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. त्याला अ‍ॅक्रल मेलानोमा म्हणतात. उन्हाशी त्याचा फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्ले यांना १९७७ मध्ये पायाच्या नखाखाली हाच आजार निघाला. १९८१ मध्ये, ३६व्या वर्षी ते गेले.

माझ्या मामूंच्या टाचेवर असाच डाग होता. जवळच्या दवाखान्यात त्याला भोवरी म्हटलं गेलं आणि आठ महिने मलम चाललं. निदान झालं तेव्हा जांघेत गाठ आली होती. त्यांचे उपचार अजून चालू आहेत.

आपण वजू करताना पाय धुतो, बोटांमध्ये पाणी फिरवतो. वजूने कॅन्सर टळत नाही, पण तळपाय पाहायची सवय त्यातून लावता येईल. घरातल्या वयस्कर माणसांचे पाय आपण पाहावेत. वाढणारा, रंग किंवा कडा बदलणारा डाग, न भरणारी जखम, नखात रुंद होत जाणारी काळी रेघ, नखाशेजारच्या कातडीवर पसरलेला काळेपणा, यांपैकी काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. त्यांनी बायोप्सी सांगितली तर करा. ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ हे आपल्या घरांत सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. बायोप्सीशिवाय निदान पक्कं होत नाही.

निदान झाल्यावर नुसतं ‘मेलानोमा’ शोधू नका. रिपोर्टवरचा प्रकार, स्टेज, बीआरएएफ आणि केआयटी या जनुकांच्या तपासण्या, हे शब्द घेऊन शोधा. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची रुग्णांसाठी आणि डॉक्टरांसाठी वेगवेगळी माहिती आहे, आधी रुग्णांसाठीची वाचा. औषध विकणाऱ्याने लिहिलेली माहिती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे रामबाण उपाय बाजूला ठेवा. मग डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मराठीत कागदावर लिहून काढा. अम्मीला, मामूंना समजेल अशा भाषेत सांगणं हे आपलं काम आहे. रुग्णापासून आजाराचं नाव लपवलं तर उपचाराचा निर्णय त्याच्या हातातून जातो.

कुठे जायचं? परळचं टाटा मेमोरियल आहेच. नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली ३०० हून अधिक केंद्रं, रुग्णालयं आणि संस्था आहेत, त्यातलं आपल्या जवळचं पाहा. टाटाच्या डॉक्टरांचं दुसरं मत नव्या या ऑनलाइन सेवेतून घेता येतं.

पैशांचं काय? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड घेऊन आधी त्याला भेटा आणि कोणता उपचार बसतो, कोणता नाही, हे स्पष्ट विचारा. इम्युनोथेरपी फार महाग असते. तिच्यासाठी घर विकण्याआधी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. मदत करणाऱ्या ट्रस्टची माहिती त्यांच्याकडे असते. १९५१ पासून काम करणारी इंडियन कॅन्सर सोसायटीही आर्थिक मदत आणि मार्गदर्शन करते. मुंबईत राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा.

रमजानमध्ये आपण जकात काढतो. गरजू रुग्णाचा प्रवास, तपासण्या, औषधं यांचा विचार त्यात व्हावा. पैशाइतकीच सोबतही लागते. रांगेत उभं राहणारं, फाइल सांभाळणारं, आजारी बाईजवळ बसून तिचं ऐकणारं कुणीतरी हवं असतं.

या सभागृहात पन्नासेक जण आहेत. प्रत्येक मोहल्ल्यातून दोघांनी, एक मुलगा आणि एक मुलगी, हे काम अंगावर घ्यावं. जवळचं कॅन्सर केंद्र, तिथला आरोग्यमित्र आणि समाजसेवा विभाग यांची माहिती एका कागदावर लिहून मशिदीच्या आणि वाचनालयाच्या फळ्यावर लावावी. नावं आजच, चहाच्या वेळी माझ्याकडे द्या.