कलाशाळेच्या अंगणात वास्तुविद्या
(व्याख्यानाची संहिता)



वास्तुविद्येची पाच वर्षांची पदवी हाती येते, वास्तुकला परिषदेकडे नावाची नोंद होते आणि आता मुलगा मार्गी लागला, मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहिली, असे समाधान घरात पसरते. नेमक्या त्याच वेळी ती मुलगी सांगते की, पुढील शिक्षण तिला एका कलाशाळेत घ्यावयाचे आहे. आजोबा विचारतात, "चित्रे काढायला एवढ्या लांब जायचे?" वडील विचारतात, "त्या पदवीने काम मिळेल का?" हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना हसून टाळणे योग्य नव्हे आणि त्यांच्या धाकाने मुलीचा विचार मोडून काढणेही योग्य नव्हे. वास्तुविद्येचा पदव्युत्तर अभ्यास कलाशाळेत का करावा, तेथे प्रत्यक्षात काय घडते आणि त्यात धोका कोणता, याचा शांतपणे विचार करणे हाच या विवेचनाचा हेतू होय.

एकाच छिन्नीचे काम

वास्तुविद्या आणि कला या दोन वेगळ्या शाखा आहेत, ही समजूत फार जुनी नाही. 'मयमत', 'मानसार' यांसारख्या प्राचीन शिल्पग्रंथांत स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक असे चार कारागीर सांगितले आहेत. एक योजना करणारा, एक मापे धरणारा, बाकीचे घडविणारे व जोडणारे. पण सर्वांची गणना शिल्पींतच. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी पाहिली, की याचा प्रत्यय येतो. बत्तिसाव्या क्रमांकाच्या इंद्रसभेत स्तंभ कोठे संपतो आणि मूर्तिकाम कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. दोन्ही एकाच कातळातून निघाले आहेत. तेथे चुकीचा घाव भरून काढण्याची सोय नव्हती. म्हणून बांधणीचे गणित आणि हाताचे कौशल्य एकाच परंपरेत नांदत होते.

आधुनिक काळातही मुंबईत वास्तुशिक्षणाचा जन्म कलाशाळेतच झाला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. त्याच शाळेत १८९६ साली नकाशे काढणाऱ्यांसाठी वर्ग उघडला गेला आणि त्यातून पुढे वास्तुविद्येचा संपूर्ण अभ्यासक्रम उभा राहिला. १९५८ साली वास्तुशाखा स्वतंत्र महाविद्यालय म्हणून वेगळी झाली. मूर्तिकार, चित्रकार आणि वास्तुविशारद एकाच आवारात राहिले खरे, परंतु त्यांच्या परीक्षा, त्यांची कार्यालये आणि हळूहळू त्यांची भाषाही निराळी झाली. २०२३ साली कला, वास्तुकला आणि उपयोजित कला या तिन्ही संस्थांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला. वेगळे झालेले घर पुन्हा एकत्र करण्याचा हा प्रयत्न आहे.

क्रॅनब्रुकचा प्रयोग

कलाशाळेत पदव्युत्तर वास्तुविद्या शिकविण्याचा एक विलक्षण प्रयोग अमेरिकेत मिशिगन राज्यातील ब्लूमफील्ड हिल्स येथे झाला. डेट्रॉइटच्या उत्तरेस वृत्तपत्र-व्यवसायातील जॉर्ज बूथ आणि त्यांच्या पत्नी एलन स्क्रिप्स बूथ यांनी १९०४ साली एक शेत विकत घेतले. बूथ यांच्या पूर्वजांचे इंग्लंडमधील गाव क्रॅनब्रुक. तेच नाव त्यांनी या जागेला दिले. त्यांच्या मुलाला मिशिगन विद्यापीठात शिकविणारे फिनलंडचे वास्तुविशारद एलिएल सारिनेन १९२५ साली तेथे राहावयास आले. शाळा, वसतिगृहे, कर्मशाळा अशा इमारती एकामागून एक उभ्या राहिल्या आणि १९३२ साली क्रॅनब्रुक कला अकादमीची रीतसर स्थापना झाली. सारिनेन तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या पत्नी लोया विणकामाची कर्मशाळा चालवीत आणि शिल्पकार कार्ल मिलेस त्याच आवारात राहून काम करीत.

येथील पद्धती आपल्याकडील विद्यार्थ्याला प्रथम गोंधळात टाकते. वेळापत्रक नाही, विषयवार पेपर नाहीत, गुणपत्रिका नाही. प्रत्येक विभागाला एकच प्रमुख; तो त्या आवारातच राहतो आणि आपले स्वतःचे काम करीत शिकवितो. दोन वर्षांचा अभ्यास असतो. शेजारी मृत्तिकाकाम, विणकाम, धातुकाम, चित्रकला, छायाचित्रण यांच्या कर्मशाळा असतात. विद्यार्थ्याला एक जागा मिळते आणि त्याने स्वतःचा प्रश्न स्वतः शोधावा, एवढीच अपेक्षा असते.

पाच वर्षे सबमिशनच्या तारखांवर धावलेल्या विद्यार्थ्याला ही मोकळीक सुखाची वाटेल, असा समज होतो. अनुभव उलट येतो. पहिले काही आठवडे अत्यंत कठीण जातात. कोणी काम देत नाही, म्हणून कोणी पाठही थोपटत नाही. टेबलावरचा कोरा कागद रोज तोच प्रश्न विचारतो : तुला नेमके काय करावयाचे आहे? जो विद्यार्थी केवळ मार्कांसाठी शिकत आला, त्याला या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. ज्याला सापडते, त्याच्या जीवनाला वळण लागते.

परीक्षेच्या जागी परीक्षण

परीक्षा नसली, तरी परीक्षण असते आणि ते अधिक कठोर असते. विद्यार्थ्याने आपले काम सर्वांसमोर मांडावयाचे आणि सहाध्यायींनी, प्रमुखांनी त्यावर दीर्घकाळ बोलावयाचे. विणकाम शिकणारी मुलगी वास्तुविशारदाला विचारू शकते की, त्याच्या भिंतीत सांगाडा कोणता आणि आवरण कोणते. कारण तिच्या मागावर ताणा आणि बाणा मिळूनच वस्त्र होते, त्यात सजावट वरून चिकटविता येत नाही. माती घडविणारा सांगतो की, वाळताना आणि भाजताना माती आकसते. म्हणून हवे ते माप मिळविण्यासाठी सुरुवातच मोठ्या मापाने करावी लागते. धातुकाम करणारा दाखवितो की, वाकविलेला पत्रा थोडा मागे येतो. संगणकाच्या पडद्यावर यांपैकी काहीच घडत नाही. तेथे प्रत्येक रेघ आज्ञाधारक असते. पदार्थ आज्ञाधारक नसतो, हे ज्ञान हातालाच होते.

सारिनेन यांच्या शिकवणीचे सूत्र साधे होते. कोणतीही वस्तू योजताना तिच्याहून मोठ्या परिसराचा विचार करावा : खुर्चीचा विचार खोलीत, खोलीचा घरात, घराचा वस्तीत आणि वस्तीचा नगरात. त्यांच्याकडे शिकलेले एडमंड बेकन पुढे फिलाडेल्फियाच्या नगररचना आयोगाचे १९४९ ते १९७० पर्यंत कार्यकारी संचालक होते. कलाशाळेत शिकलेला माणूस एका महानगराची घडी बसवितो, यातच आजोबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

एका खुर्चीचे अपयश

उरलेले उत्तर चार्ल्स ईम्स यांच्या चरित्रात मिळते. सेंट लुईस येथील वास्तुविद्येचे शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले होते. १९३८ साली ते शिष्यवृत्तीवर क्रॅनब्रुकला आले. तेथे सारिनेन यांचे पुत्र एरो यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या १९४० मधील फर्निचर स्पर्धेत भाग घेतला आणि पहिली पारितोषिके मिळविली. प्लायवुडला एकाच वेळी दोन दिशांनी वळण देऊन शरीराला साजेशी बैठक करावयाची, ही त्यांची कल्पना. परंतु तीव्र वळणावर लाकूड तडकू लागले. तडे झाकण्यासाठी वरून गादीचे आवरण घालावे लागले आणि स्वस्तात भरपूर खुर्च्या तयार करण्याचा मूळ हेतू साधला नाही.

बक्षीस मिळाले, पण प्रश्न सुटला नाही, हे ईम्स यांनी स्वतःपासून लपविले नाही. १९४१ साली त्यांचा विवाह रे कायझर यांच्याशी झाला. त्याही क्रॅनब्रुकमध्ये शिकलेल्या. दोघांनी लॉस एंजेलिसमधील राहत्या घरातच लाकूड वाकविण्याचे यंत्र तयार केले. महायुद्धात अमेरिकन नौदलाला जखमींच्या पायांसाठी हलक्या पट्ट्या हव्या होत्या. त्या याच तंत्राने तयार झाल्या आणि युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या सुमारे दीड लाखावर गेली. त्यानंतरच मनाजोगती प्लायवुडची खुर्ची बाजारात आली. गुणपत्रिकेच्या हिशेबाने पहिली खुर्ची उत्तीर्ण होती. कारागिराच्या हिशेबाने ती अनुत्तीर्ण होती. कलाशाळेने त्यांना हा दुसरा हिशेब शिकविला.

याच दांपत्याला भारत सरकारने पाचारण केले आणि त्यांनी १९५८ साली आपला अहवाल सादर केला. देशभर पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत श्रेष्ठ वाटला तो घरोघरीचा साधा लोटा. त्याचे वजन, काठ, पाणी ओतण्याची सोय, डोक्यावर वा कमरेवर नेण्याची सोय, घासण्याची सोय या सर्वांचा विचार पिढ्यान्‌पिढ्या होत गेला, हे त्यांनी जाणले. या अहवालाच्या पाठबळावर १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. आपल्या माजघरातील भांड्याकडे असे पाहण्याची दृष्टी दूरदेशीच्या एका कलाशाळेत घडली होती.

दुसरे उदाहरण जपानचे फुमिहिको माकी यांचे. टोकियो विद्यापीठाची पदवी घेऊन ते क्रॅनब्रुकला गेले, तेथे १९५३ साली पदव्युत्तर पदवी मिळविली आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डची पदवी घेतली. १९९३ साली त्यांना प्रित्झकर पारितोषिक लाभले. पाटण्याचे बिहार संग्रहालय त्यांच्या कार्यालयाने मुंबईतील ओपोलिस या वास्तुविशारद संस्थेच्या सहकार्याने उभारले. २०१७ साली ते पूर्णपणे खुले झाले. माकी २०२४ साली निवर्तले. विद्यापीठ आणि कलाशाळा यांपैकी एकाचाच पक्ष घेण्याचे कारण नसते, हे त्यांच्या शिक्षणक्रमावरून दिसते.

सावधगिरीचे चार शब्द

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. कलाशाळेची प्रत्येक वास्तुपदवी सारखी नसते. क्रॅनब्रुकची पदवी ही आधीच व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांसाठी आहे. अमेरिकेत व्यवसायाचा परवाना मिळविण्यासाठी लागणारी अधिस्वीकृत पदवी ती नव्हे. याउलट ऱ्होड आयलंड येथील १८७७ साली स्थापन झालेल्या कलाशाळेची पदव्युत्तर वास्तुपदवी अधिस्वीकृत आहे. आपल्याकडे १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार नोंदणी झाल्याविना कोणालाही 'वास्तुविशारद' ही उपाधी लावता येत नाही आणि नोंदणीसाठी मान्यताप्राप्त अर्हता लागते. म्हणून प्रवेशापूर्वी या पदवीने कोणता दरवाजा उघडतो आणि कोणता उघडत नाही, हे लेखी तपासून घेणे अगत्याचे आहे. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाने तर ही चौकशी सर्वप्रथम करावी.

दुसरी गोष्ट गुरूची. जेथे विभागाला एकच प्रमुख असतो, तेथे त्याचे काम हाच अभ्यासक्रम ठरतो. १९७८ ते १९८५ या काळात क्रॅनब्रुकच्या वास्तुविभागाचे प्रमुख डॅनियल लिबेस्किंड होते. त्यांनी विद्यार्थ्यांसह वाचनाचे, स्मृतीचे आणि लेखनाचे अशी तीन प्रचंड यंत्रे घडवून १९८५ साली व्हेनिस येथे मांडली. राहण्यायोग्य इमारत त्या वेळी त्यांच्या नावावर नव्हती. बर्लिनचे ज्यू संग्रहालय पुढे २००१ साली खुले झाले. अशा विभागात घरबांधणीचे तपशील शिकण्याच्या आशेने गेलेला विद्यार्थी निराश झाला असता. वास्तूचा अर्थ शोधणारा मात्र समृद्ध झाला असता. दोष कोणाचाच नसता, निवड चुकली असती.

तिसरी गोष्ट स्वतःची. काँक्रीट, पाया, तुळई यांचे गणित ज्याचे कच्चे आहे, त्याने ते आधी पक्के करावे. कलाशाळा ही उणीव भरून काढीत नाही आणि झाकूही देत नाही. मनात स्वतःचा प्रश्न नसेल, तर एखादे वर्ष काम करावे, बांधकामावर उभे राहावे, गवंड्याकडून वीट रचण्याची रीत शिकून घ्यावी. प्रश्न बहुधा तेथेच सापडतो.

देणगी आणि दृष्टी

मुंबईची कलाशाळा एका दात्याच्या लाख रुपयांतून उभी राहिली, क्रॅनब्रुक एका दांपत्याच्या संपत्तीतून. ऱ्होड आयलंडची शाळा स्थापन झाली ती १८७६ च्या शताब्दी प्रदर्शनासाठी महिलांनी जमविलेल्या निधीतून उरलेल्या १,६७५ डॉलरांवर. त्या महिलांपुढे पर्याय होते. एखादे कारंजे उभारून नाव कोरता आले असते. त्यांनी शाळा निवडली आणि ती आजही विद्यार्थी घडवीत आहे. शिक्षणाला दिलेल्या धनाचा हिशेब दात्याच्या हयातीत पूर्ण होत नाही, तो पिढ्यांनी पूर्ण करावयाचा असतो.

म्हणून ज्या घरात उद्या हा विषय निघेल, तेथे आजोबांनी नातीला तिचा प्रश्न कोणता ते विचारावे, वडिलांनी पदवीची कागदपत्रे बारकाईने वाचावीत आणि मुलीने दोघांनाही प्रामाणिक उत्तर द्यावे. उत्तर पक्के असेल, तर आशीर्वादास विलंब लावू नये. नसेल, तर वर्षभर थांबण्यात कमीपणा नाही. वेरूळच्या कारागिराने पहिला घाव घालण्यापूर्वी कातळ पुरता पाहून घेतला असेल. ज्या घावाला माघार नसते, त्याच्या आधीचा विचार हाही कामाचाच भाग असतो.